एकतिसाव्या खेळीनंतरची चौदा मिनिटं

“हॅलो? … डेपो. टाइमकीपर बोलतोय.”

शनिवार, संध्याकाळचे सहा वाजून अडतीस मिनिटं. त्याच दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, खुल्या बुद्धिबळ स्पर्धेच्या पाचव्या फेरीत, डेपोचा टाइमकीपर स्वतःच्या तेरा वर्षांच्या भाचीकडून डाव हरला होता. घरी जाऊन, कपडे बदलून तो चारच्या पाळीला हजर झाला, आणि तेव्हापासून खिडकीशी येणाऱ्या प्रत्येक बसची वेळ नेहमीसारखी मिनिटासकट लिहीत होता.

“कोण? … ताई! अगं, डेपोच्या नंबरवर? … मोबाइल बंद आहे. हॉलमध्ये बंद करायला लावतात ना, तो तसाच राहिला. … दुपारपासून, हो. … मुद्दाम कशाला ठेवीन? विसरलो.”

मुद्दामच ठेवला होता. दोनदा खिशातून काढून हातात धरला होता आणि दोनदा परत खिशात टाकला होता.

“हळू बोल. आणि मध्येच माझा आवाज गेला तर ओरडू नकोस, या फोनची वायर ढिली आहे. चिकटपट्टी लावून ठेवलीय. जरा ओढली गेली की संपलं. … हं, बोल. … बिट्टी? काय झालं बिट्टीला? … दार लावून? कधीपासून? … म्हणजे हॉलवरून आली तशीच? … जेवलीसुद्धा नाही? … अगं, जिंकलीय ती! पाचात चार गुण झाले तिचे. उद्या नुसती बरोबरी केली तरी जिल्ह्याच्या संघात निवड… काय? … नाही खेळणार? … नाही खेळणार म्हणजे काय!”

त्याने रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला.

“भावजी काय म्हणतात? … पंचांना फोन केला? एवढ्यात? … अगं, थोडं थांबायचं ना. … बरं, पंच काय म्हणाले? … साडेसात. … येणार असेल तरी सांगा, नसेल तरी सांगा. … बरोबर आहे त्यांचं. उद्याच्या जोड्या लावायच्या असतात, आठ वाजता यादी लागते. … हो गं, म्हणजे हातात पाऊण तास आहे.”

भिंतीवरच्या घड्याळात सहा एक्केचाळीस झाले होते. पाळीवर आल्या आल्या तो ते घड्याळ स्वतः मिळवून घेई. नऊ वर्षांत त्यात कधी मिनिटाचा फरक पडू दिला नव्हता. ड्रायव्हर लोक मनगटावरची घड्याळं त्याच्या खिडकीकडे बघून लावत.

“एक मिनिट हं ताई. … सत्तावीस नंबर, आत सहा एक्केचाळीस. चार मिनिटं उशीर. कारण? … रेल्वेचं फाटक बंद. लिहितो. सही कर. … हं ताई. पण ती कारण काय सांगते? … ‘मामाने डाव सोडला.’ … असं म्हणते? … मी मुद्दाम हरलो? मी? … छे! मुलं काहीही मनात घेतात. … नाही ताई. नाही म्हणतो ना. … तुझी शप्पथ.”

“… पण कशावरून म्हणते? … सांगत नाही. … काहीच नाही सांगत? … हं.”

‘काहीच नाही सांगत’ ऐकून त्याला जरा हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचंच पुढच्या क्षणी वाईट वाटलं. त्याने टेबलावरची पेनं एका ओळीत लावली.

“अगं ऐक ना. मी तुला पटवून देतो. पट आहे का जवळ? … मांडलाच आहेस? … आणि तिचा कागद? खेळ्या लिहिलेला? … दप्तरातून काढलास. उत्तम. मग एकेक खेळी लाव आणि तूच सांग, हा माणूस मुद्दाम हरतोय का गाढवासारखा हरतोय.”

त्याला बुद्धिबळ ताईनेच शिकवलं होतं. तो सात वर्षांचा, ती बाराची. पटातला एक हत्ती हरवलेला, त्याच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ. ताई स्पर्धा कधी खेळली नाही. ती कपड्यांच्या कारखान्यात तयार माल तपासते, दिवसाला चारशे शर्ट तिच्या हाताखालून जातात. सुटलेला टाका तिला शर्ट उलटा न करता दिसतो. तिच्यासमोर डाव मांडायचा म्हणजे तो जरा सरसावूनच बसला.

“लाव. … लावलंस? सुरुवात सोड, सुरुवात सगळ्यांची चांगलीच असते. नववी बघ. … हो, ते प्यादं फुकट गेलं. … दिलं नाही, गेलं! मला वाटलं, ती घेणार नाही. … का वाटलं? तेरा वर्षांची आहे म्हणून वाटलं. घेतलं तिने. घेतलं आणि वर बाटलीतलं पाणी प्यायली. … पुढे चल. पंधराव्याला किल्लेकोट केला. उशिरा केला, मान्य. … हसू नकोस. … अगं, माझा राजा आहे, मला हवं तेव्हा आत नेईन.”

“… आता बाविसावी. थांब इथे. कागदावर तिच्या खेळीपुढे काहीतरी खूण आहे बघ. … दोन आडव्या रेघा. ती बरोबरीची. तिने विचारली. नियमाप्रमाणे खेळी खेळली, आणि मग हळूच, ‘मामा, बरोबरी?’ मी काय म्हणालो असेन? … ‘खेळ, खेळ.’ आता मला सांग, ज्याला भाचीचं भलं करायचं असेल तो तिथेच हात मिळवून मोकळा होईल ना? मी का नाही म्हणालो? … जिंकायचं होतं म्हणून. … हो, भाचीविरुद्ध. … त्यात लाज कसली? पटावर भाची नसते. पांढरं आणि काळं असतं.”

हे वाक्य त्याला स्वतःलाच आवडलं. ताईला आवडलेलं नसावं.

“बरं बाई, नाही बोलत मोठं मोठं. … तिसावी. तिने उंट बी-चारला आणला. दिसतंय? माझा वजीर सी-तीनला, आणि उंट थेट त्याच्यावर टपलेला. कोणीही शहाणा माणूस वजीर हलवील. … मी शहाणा नाही, बरोबर. मी वजिराला हातच लावला नाही. हत्ती उचलला, जी-सातचं प्यादं मारलं. शह! … फुकट कसा? फुकट नाही, ऐक ना. राजाने हत्ती मारला, की माझा मधला घोडा उडी मारतो एफ-पाचला. घोड्याचा शह, आणि घोडा बाजूला झाला म्हणून मागून वजिराचाही शह. एका वेळी दोन. राजा जाईल तिथे पुढच्या खेळीला मात. … हो ना? … वीस वर्षं खेळतोय ताई, पण अशी खेळी माझ्या हातून कधी निघाली नव्हती. … एकतिसावी. लिहून ठेव.”

“… थांब, गाडी आली. … या पैलवान.”

पैलवान म्हणजे डेपोतला सगळ्यात काटकुळा ड्रायव्हर. स्टिअरिंगमागे बसला की बाहेरून नुसती टोपी दिसते. उद्या भाचीशी गाठ आहे, तिला मामाचा हिसका दाखवतो, हे टाइमकीपरने शुक्रवारी याच खिडकीतून सगळ्यांना ऐकवलं होतं. त्यामुळे पैलवान सही करून हलेना. टाइमकीपरने रिसीव्हरच्या तोंडावर तळवा धरला.

“नऊ नंबर, आत सहा बावन्न. वेळेत. … काय? डाव ना? झाला की. … अरे, भाचीच ती. पोर हिरमुसली असती. दिला सोडून. … मग! मामा कशाला म्हणतात. … हा हा… चल, गाडी धुवायला लाव.”

तळवा काढला.

“हं, तर एकतिसावी… ताई? … हॅलो? … गेली वाटतं वायर. … हॅलो? … आहेस? मग बोलत का नाहीस? … काय ऐकलंस? …”

तळव्याने आवाज अडत नाही, हे त्याला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

“अगं, ते आपलं असंच. पैलवानाला काय कळतंय बुद्धिबळातलं. … हो, शप्पथ घेतली. … तुझीच घेतली. … दहा मिनिटांपूर्वी, हो. … नाही, दोन्ही खरं कसं असेल? … पहिलं खरं. … पहिलंच खरं गं ताई! मी डाव सोडला नाही. … मग आत्ता असं का बोललो…”

बाहेर धुण्याच्या जागेवर पाण्याचा पाइप सुरू झाला. तो खुर्चीत जरा खाली सरकला.

“सांगतो. पण मध्ये बोलू नकोस. … हत्ती ठेवला. शह दिला. कागदावर खेळी लिहिली. इतकं सुंदर अक्षर काढलं ताई, पुढे दोन उद्गारचिन्हं दिली, म्हणजे अफलातून खेळी. आणि उठलो. … म्हणजे उठलोच. … घड्याळ नाही दाबलं. … नाही. … नाही दाबलं गं! … मीच. हो. … हसायचं असेल तर हास, दुपारपासून कोणी हसायचं बाकी नाही.”

या स्पर्धेत अजून जुनी काट्यांची घड्याळं आहेत. लाकडी पेटीत दोन तबकड्या, दोघांना दीड-दीड तास. खेळी झाली की आपल्या बाजूची कळ दाबायची. आपला काटा थांबतो, समोरच्याचा चालू होतो. दाबली नाही तर आपलाच काटा पळत राहतो, आणि वेळ संपली की तबकडीवरची लाल झेंडी पडते. ते बघणाऱ्यांनी सांगायचं नसतं, पंचांनीही सांगायचं नसतं, आणि समोर बसलेल्याने सांगितलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

“माझी चौदा मिनिटं उरली होती, तिची चाळीस. मला वाटलं, तिची चाललीत. … मी चहा घेतला. … बाहेर नाही, हॉलच्या दारातच टेबल असतं. मग पहिल्या पटावरचा डाव पाहिला. पाणी प्यायलो. खिडकीपाशी उभा राहिलो. … तिच्याकडे? पाहत होतो ना, लांबून. दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसली होती आणि सारखी घड्याळाकडे बघत होती. मला काय वाटलं माहितीय? वाटलं, बिचारी. घाबरली. मामाने हत्ती दिला आणि पोरीला काही सुचेना. … मला तिची कीव आली ताई. चौदा मिनिटं मी उभा राहून तिची कीव करत होतो.”

“… मग पंच आले, वाकून बघितलं. लाल झेंडी पडलेली. माझ्या बाजूची. त्यांनी घड्याळ थांबवलं. मी धावत गेलो. म्हटलं, अहो, खेळी तिची आहे! ते म्हणाले, खेळी तिचीच आहे, वेळ तुमची गेली.”

“… एक मिनिट. … बारा नंबर, आत सात तीन. एक मिनिट आधी? एवढी घाई कसली? … जा. … हं. तर बाहेर आलो. चहाच्या टेबलाशी चौघे उभे. तो चष्मेवाला, तो बँकेतला, अजून दोघे. ‘टाइमकीपरची वेळ चुकली!’ … हसणारच. दुसरा कोणी असता तर मीही हसलो असतो. पोट धरून हसलो असतो. … आणि मी म्हणालो… तेच. पैलवानाला म्हणालो तेच. ‘अहो, भाचीच ती, दिला सोडून.’ … एकदम गप्प झाले. चष्मेवाल्याने तर पाठीवर थाप मारली, मामा असावा तर असा. … बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू. … म्हणजे आता कशाला बोलू.”

“… आणि वळलो तर मागे ती. हातात दोन कप. एक मला आणलेला. … दोन्ही कप टेबलावर ठेवले आणि गेली. … हो ताई. मला माहीत होतं तिने ऐकलंय. दुपारपासून माहीत होतं. … म्हणून मोबाइल बंद. … हो. … तू म्हणालीस ना, कारण सांगत नाही, तेव्हा कळलं, पोरीने मला पाठीशी घातलं. तुझ्यापासूनसुद्धा. … बोल, काय बोलायचं ते बोल.”

तिकडून लाकडावर लाकूड टेकल्याचा बारीक आवाज आला. मग अजून एक.

“काय करतेस? … हलवून बघतेस. आता काय बघायचंय त्यात? … हो, हत्ती जी-सात. शह. … राजा हत्ती घेत नाही? मग जातो कुठे? … एच-आठ. कोपऱ्यात. … जाऊ दे की कोपऱ्यात, मग मी… थांब. थांब हं.”

त्याने वेळेचा एक जुना तक्ता उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला भराभर चौकोन आखले.

“वजीर उंटाच्या तोंडात. हत्ती राजाच्या तोंडात. … वजीर जी-तीनला आणतो, म्हणजे हत्तीला जोर… नाही येत. तिसऱ्या ओळीत माझंच प्यादं आडवं आहे. … हत्ती मागे घेतला तर वजीर गेला. … घोडा एफ-पाच? … ती वजीर खाते. नुसता वजीर खाते आणि पाणी पिते. … ताई. … हो, दिसलं. … म्हणजे मी हरलेलोच होतो. घड्याळ दाबलं असतं तरी.”

“… दोन उद्गारचिन्हं दिली गं मी त्याला.”

आता मात्र ताई हसली असावी, कारण त्याच्याही तोंडावर काहीतरी हललं. पण ते टिकलं नाही. घड्याळात सात अकरा झाले होते.

“तिला दिसली असेल का ही खेळी? … कागदावर? एकतिसाव्या ओळीत तिची जागा कोरीच असणार. खेळल्याशिवाय लिहायचं नसतं. … तू विचार ना. … मी? मी काय बोलू तिच्याशी? … अगं नको, ती आत… मोबाइल दाराशी धरतेस? … ताई, दोन मिनिटं दे मला, मी काहीतरी जुळवून… नाही देत. बरं. … आधीच जुळवून झालंय म्हणतेस. बरं.”

त्याने घसा साफ केला. खिडकीची काच लावून घेतली, मग पुन्हा उघडली.

“बिट्टी? … मी मामा. … दार उघडू नकोस हवं तर. बोलूही नकोस. मी डाव सोडला नाही. मी घड्याळ दाबायला विसरलो. लोक हसले, म्हणून त्यांना खोटं सांगितलं. … एवढंच आहे. तू तुझा डाव जिंकलीस. … बस्स.”

पलीकडे काहीतरी खणकन वाजलं. दाराची कडी की स्वयंपाकघरातलं एखादं भांडं, ते या फोनवर सांगता येत नव्हतं.

“… हं. बोल बाळ. … हो, विसरलो. खरंच विसरलो. … आईची शप्पथ नको, ती आज एकदा वापरून झालीय. … आता कसं पटवू तुला? … बाविसाव्याला बरोबरी नाही म्हणालो ना मी? द्यायचा असता तर तेव्हाच… हं. हो. … हे पटतं ना? … कोपऱ्यातला राजा? नाही, मला नव्हता दिसला. आत्ता तुझ्या आईने दाखवला. … तुला दिसला होता? … कधी? … लगेच म्हणजे? … मी चहाच्या टेबलापर्यंत पोचायच्या आत.”

त्याने पेनाचं टोपण काढलं, लावलं.

“मग खेळली का नाहीस? … घड्याळ. … दिसलं होतं. … हं. … नाही, रागावलो नाही. … मी परत येऊन बसलो असतो. खेळी बघायला आलो असतो आणि घड्याळ बघितलं असतं. … म्हणून नाही खेळलीस. … हात मांड्यांखाली म्हणून घातले होतेस? … हं. … हं. … नाक पूस आधी, काही कळत नाहीये.”

लांबून त्याला जी घाबरलेली वाटली होती, ती मुलगी जिंकायची खेळी हाताखाली दाबून बसली होती. ते बरोबर की चूक, हे तिचं तिलाच सुटत नव्हतं, आणि तेवढ्यात मामाने चौघांत सांगितलं होतं की डाव त्याने बहाल केला. म्हणजे तिने जे केलं त्याचीही गरज नव्हती. दुपारपासून दारामागे ती हेच घेऊन बसली असणार.

“नियमात बसतं ते बिट्टी. … नियमाचं विचारत नाहीस. … मग मला नाही सांगता येत. … नाही गं, खरंच. चांगलं केलंस म्हणालो तर तुला खोटं वाटेल, वाईट केलंस म्हणालो तर मला. … पण एक सांगतो. तू गप्प बसलीस तेव्हा डाव चालू होता. मी बोललो तेव्हा डाव संपला होता. मला काहीच कमवायचं नव्हतं, तरी बोललो. … हो. … ते जास्त वाईट, मला विचारशील तर.”

“… थांबतेस जरा? गाडी सुटायचीय. ठेवू नकोस हं.”

खिडकीशी पैलवान परत आला होता, धुतलेली गाडी घेऊन, आणि सोबत त्याचा कंडक्टर. मामाने भाचीला डाव कसा सोडला ते कंडक्टरला टाइमकीपरच्याच तोंडून ऐकवायचं, असं पैलवानाच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. टाइमकीपरने या वेळी तळवा धरला नाही. रिसीव्हर वहीवर उताणा ठेवला.

“नाही रे पैलवान. सोडला नाही. … मघाशी थाप मारली तुला. हरलो. … घड्याळ दाबायला विसरलो. … बुद्धिबळात असतं घड्याळ, हो. खेळी झाली की दाबायचं असतं. … मीच विसरलो. … टाइमकीपर, हो. … हसा. … पोटभर हसा. … आणि हे पण ऐका, दाबलं असतं तरी हरलो असतो. तिने राजा कोपऱ्यात नेला असता आणि माझा वजीर खाल्ला असता. … तेरा. … तेरा वर्षांची. … सांग की सगळ्यांना, तू काय सांगितल्यावाचून राहणार आहेस? … सही इथे. नऊ नंबर, बाहेर सात एकवीस.”

दोघे हसत गेले. कंडक्टर गाडीच्या पायरीवर बसूनच हसत होता, पैलवानाला दोनदा हॉर्न वाजवावा लागला. गाडी एका मिनिटाने उशिरा फाटकाबाहेर पडली. टाइमकीपरने सात एकवीस खोडून सात बावीस केलं, शेजारी सही केली आणि रिसीव्हर उचलला.

“हॅलो? … ऐकलंस? … हसतेयस का रडतेयस, नीट सांग. या फोनवर सारखंच ऐकू येतं. … उद्या तिथेही सांगीन. चहाच्या टेबलाशी, त्या चौघांना. … त्यासाठी तू यायला पाहिजेस असं नाही. तू आलीस तरी सांगणार, नाही आलीस तरी सांगणार. … चष्मेवाल्याला आधी. थाप परत करायचीय त्याची.”

“… बिट्टी, सात चोवीस झालेत. … हो, बाबा तिथेच उभे आहेत, माहितीय. … मी नाही सांगणार, खेळ की खेळू नको ते. … नाही. … अगं, बाविसाव्याला तू काहीतरी विचारलंस आणि मी मान वर न करता ‘खेळ, खेळ’ म्हणालो. आज परत तेच कसं म्हणू? … तू सांग. मी ऐकतो. … हं. … विचार कर, पण लवकर कर. तुझं घड्याळ चालू आहे. … हे दाबलंय मी, हो. … हं. बोल. … जरा मोठ्याने बोल ना बाळ, बाहेर पाइप चालू आहे. … ‘मामा, मी उद्या…’ काय? … काय म्हणालीस? … हॅलो? … बिट्टी? … हॅलो?”

नीट ऐकू यावं म्हणून तो खिडकीपासून दूर झाला होता. वायर ताणली गेली होती आणि चिकटपट्टी एका टोकाने लोंबत होती.

ती सोलून नवी लावायला दोन मिनिटं गेली. तुकडा दोनदा बोटालाच चिकटला. सात सत्तावीसला त्याने ताईचा नंबर लावला. लाइन व्यस्त होती. भावजींचा लावला. तोही व्यस्त. स्पर्धेचं पत्रक शर्टाच्या खिशात होतं. खाली पंचांचा नंबर छापलेला होता. तो त्याने सात एकोणतीसला लावला.

तोही व्यस्त होता.

सात एकतीसला सत्तावीस नंबर आत आली. वेळेत. त्याने वेळ लिहिली, सही घेतली, आणि पुन्हा रिसीव्हर उचलून पंचांचा नंबर फिरवला. पलीकडे अजून कोणीतरी बोलत होतं.